कोय हापूसचीच होती

मृगाचे दोन-चार सडे पडून गेले होते. लांज्याच्या बाजूच्या एका रोपवाटिकेत काळ्या पिशव्यांच्या रांगांमधून गढूळ पाणी वाहत होतं. शेणखत, तापून भिजलेलं प्लास्टिक आणि सडत्या आंब्याच्या साली, अशा तिन्हींचा मिळून एक आंबूस-गोड वास सगळीकडे भरून राहिला होता. घाटावरून आलेल्या साठीच्या एक बाई पुढच्या टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन आंबे काढले आणि एखादं बाळ दाखवावं तसे हलक्या हाताने मांडले. नऊ वर्षांपूर्वी देवगडच्या पेटीतल्या एका आंब्याची कोय त्यांनी परसात लावली होती. झाड छपराच्या वर गेलं, आणि यंदा पहिल्यांदाच फळ धरलं. रोपवाटिकेच्या मालकाने एक आंबा उचलला, देठापाशी हुंगला, चाकूने गालफड कापलं, फोडीतले धागे नखाने ओढून पाहिले. "काकू, हा रायवळ. गावठी आंबा." बाई म्हणाल्या, "अहो, कोय हापूसचीच होती. मी स्वतः लावलीय." त्यावर तो सहज बोलून गेला, "आई हापूस हो. बाप कोण, ते त्या माशीला माहीत!" आजूबाजूचे सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

त्यांचं न हसणं बरेच दिवस डोक्यात राहिलं. मालकाचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, विनोदही तसा बरा होता. पण बाईंचं काही चुकलं होतं असंही म्हणवत नाही. खाण तशी माती, बाप तसा बेटा, पेराल तसं उगवेल, हेच तर आपली भाषा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहे. ज्वारी पेरली की ज्वारी येते, हरभरा पेरला की हरभरा. मग चांगल्या पेटीतली, स्वतः खाऊन खात्री केलेली कोय लावली तर हापूस का येऊ नये? नऊ वर्षं पाणी घातलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर एका विनोदात मिळावं, हे काही बरोबर नाही.

उत्तर माशीपासूनच सुरू होतं, हे मात्र खरं. मोहोराचा एक तुरा जवळून पाहिला तर त्यात शेकड्यांनी, कधी हजाराच्या वर बारीक फुलं असतात. त्यातली बहुतेक नर, म्हणजे त्यांना फळ धरणारच नाही. थोडी उभयलिंगी. आंब्याचा पराग चिकट असतो, वाऱ्यावर फार दूर जात नाही. तो घरमाश्या आणि त्यांच्यासारखे बारीकसारीक कीटक पायांना लावून नेतात. माशी हापूसच्या बागेतून उठून बांधावरच्या रायवळावर बसते, तिथून परसातल्या पायरी आंब्यावर, तिथून पुन्हा हापूसवर. तिला जातीचं सोयरसुतक नाही. फलधारणा झालेल्या त्या मूठभर फुलांतली बरीचशी पुढे गळतात, आणि तुऱ्यामागे एखाद-दुसरा आंबा हाती लागला तरी बागायतदार समाधानी असतो. त्या एका आंब्याच्या कोयीत कुठला पराग उतरला, हे झाडाकडे किंवा फळाकडे पाहून कुणालाही सांगता येत नाही.

ते का सांगता येत नाही, यातच सगळी मेख आहे. आंब्याचा गर, त्याची साल, कोयीचं ते टणक, केसाळ कवच, एवढंच काय, आतल्या बीवरचा कागदासारखा पापुद्रा, हे सगळं आईचं. फुलातल्या अंडाशयाच्या भिंती फुगून, मऊ होऊन, साखर भरून जे तयार होतं त्याला आपण गर म्हणतो. बापाचा त्यात धागासुद्धा नाही. म्हणून हापूसच्या झाडावर कुठलाही पराग पडो, गर हापूसचाच लागतो आणि पेटीवरचं नाव खोटं ठरत नाही. नवीन काय असतं, तर कोय फोडल्यावर आत दिसणाऱ्या त्या दोन जाड, तुरट डाळिंब्या आणि त्यांच्या टोकाशी दडलेला अंकुर. म्हणजे आंबा खाताना आपण आईला खातो. उकिरड्यावर फेकतो ते तिचं मूल.

बाईंनी आईची चव घेऊन मूल पेरलं होतं.

आता कुणी म्हणेल, की भोवताली दहा एकर नुसता हापूसच असला, रायवळाचा मागमूस नसला, तर बापही हापूसच ठरेल; मग तरी कोयीतून हापूस येईल ना? तरीही यायचा नाही. हे ऐकून बागायतदारसुद्धा थबकतात. आंब्याच्या पेशीत ४० गुणसूत्रं असतात, २० जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक हापूसच्या कुण्या विस्मृत आईकडून आलेलं, दुसरं तितक्याच विस्मृत बापाकडून. हापूस स्वतः काही शुद्ध वगैरे नाही. कुणीतरी, कधीतरी, एका कोयीतून उगवलेल्या झाडाचा आंबा खाल्ला आणि तो आवडला म्हणून त्याच्या फांद्या जपल्या, एवढंच. त्याच्या जोड्यांतली दोन्ही गुणसूत्रं जागोजागी एकमेकांपासून वेगळी आहेत. पराग किंवा बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं, आणि कुठलं जाईल हा छापा-काट्याचा खेळ. वीस जोड्या, वीस नाणी: एकाच झाडाकडून १०,४८,५७६ तऱ्हेची वाटणी होऊ शकते. दुसऱ्या बाजूनेही तितकीच. दोन्हींचा गुणाकार एक लाख कोटींच्या पुढे जातो. शिवाय वाटणी होण्याआधी जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांना बिलगून आपापले तुकडे अदलाबदल करतात, ते यात धरलेलंच नाही. कोकणात आजवर लागलेले सगळे आंबे मोजले तरी त्यात तोच जुळलेला पत्त्यांचा हात दुसऱ्यांदा पडेल, अशी आशा धरू नये.

माणसाच्या बाबतीत हेच आपण बिनातक्रार मान्य करतो. आपल्याकडे २३ जोड्या, म्हणजे नाणी तीन जास्तच. सख्ख्या भावंडांत एक गोरं-घारं आणि एक सावळं निघालं तर बारशाला चार बायका कौतुकाने चर्चा करतात. 'नाक आजोबांवर गेलंय, हनुवटी मावशीची' असं वाटप होतं आणि विषय संपतो. खरं तर नाक असं अखंड कुणावर जात नाही. नाक, उंची, वर्ण यांच्यामागे शेकडो-हजारो जागी विखुरलेले बारीक बारीक फरक असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. आंब्याची चव त्याच प्रकारातली. साखर, आम्लता, धागे, वासाचे डझनावारी घटक, सालीची जाडी, पिकण्याचा वेग, यांपैकी प्रत्येकाची सूत्रं वेगळ्या ठिकाणी. 'हापूसपणा' नावाचं एक जनुक कुठेच बसलेलं नाही, की जे आईने काढून मुलाच्या हातात द्यावं. तो एक मेळ आहे. वाटणीत सुटे सूर जातात, मेळ जात नाही. मुलाचा चेहरा आईबापांची छापील प्रत नसावा याचं आपल्याला अप्रूप, आणि आंब्याच्या झाडाने मात्र छापील प्रतच द्यावी असा आग्रह!

मग ज्वारी-हरभरा कसा आपल्यासारखाच उगवतो? इथे वाटाण्याकडे जावं लागतं. मेंडेलच्या बागेची गोष्ट शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली आहे, ती पुन्हा नको. पण त्याच्या एका आकड्यापाशी थांबण्यासारखं आहे. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. ते स्वतःशीच फळू दिल्यावर दुसऱ्या पिढीत ७,३२४ दाणे मिळाले: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. तीनास एक. सुरकुती मधल्या पिढीत नाहीशी झाली नव्हती, ती मान खाली घालून बसली होती. त्या सुरकुतीचं कारण पुढे १९९० साली थेट जनुकात सापडलं. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. त्याच्या जनुकात एक उपरा तुकडा घुसल्याने ते नीट बनत नाही. मग दाण्यात स्टार्च कमी, साखर जास्त. साखर पाणी ओढून घेते, दाणा टम्म फुगतो, आणि वाळताना ते पाणी गेलं की चुरगळतो. बियाण्याच्या दुकानात अर्केल किंवा बोनव्हिला मटाराचं पाकीट फोडलं तर दाणे चुरमुरलेले दिसतात. पहिल्यांदा पाहणारा ते खराब समजून परत करायला निघतो. गोडी आणि सुरकुती एकाच दोषाच्या दोन बाजू आहेत.

मुद्दा असा, की वाटाण्याचं फूल बंद असतानाच स्वतःशी फळतं. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की जोडीतला वेगळेपणा दर पिढीला निम्मा होत जातो. सहा पिढ्यांनी चौसष्टातला एक भाग उरतो. मग दोन्ही नाण्यांच्या दोन्ही बाजूंना छापाच. कसंही उडवा, निकाल तोच. हरभरा, गहू, भात यांचं घरचं बी राखता येतं ते यामुळे. ज्वारीही बऱ्याच अंशी स्वतःशीच फळते. संकरित बाजरीचं किंवा टोमॅटोचं बी राखून पुन्हा पेरणारा मात्र फसतो. त्या पिकात दोन वेगळे पालक मुद्दाम एकत्र आणलेले असतात, आणि पुढच्या पिढीत ते विस्कटतात. कंपनीने बियात काहीतरी घालून ठेवलंय असा संशय गावोगावी ऐकू येतो. त्याची गरजच नाही, वाटणीचा नियम तेवढा पुरेसा आहे. आंब्यावर वाटाण्यासारखा प्रयोग करायचा म्हटलं तर कोयीपासून पहिलं फळ यायला सहा ते दहा वर्षं. सहा पिढ्या म्हणजे साधारण अर्धं शतक. आणि आंब्यासारख्या परपरागी झाडाला असं स्वतःशी जोडत राहिलं की मान खाली घालून बसलेले सगळे दोष एकेक करून वर येतात, झाडं कमजोर होत जातात. दशेरी-लंगड्यासारख्या जाती तर स्वतःचा पराग मुळी स्वीकारतच नाहीत.

या नियमाशी जाणूनबुजून झटापट करणारे लोकही आहेत. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात नीलम आणि हापूसचा संकर करून 'रत्ना' काढली, १९८१ साली ती बाहेर आली. हापूस वर्षाआड फळतो आणि त्यात साका होतो: वरून सोन्यासारखा, कापला की आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबट गर. नीलम दरवर्षी फळणारी. रत्नात साका नाही, धागा नाही, फळ मोठं, नेमाने येणारं. कागदावर सगळे गुण हापूसपेक्षा सरस. तरी बाजारात पेटी उघडल्यावर माणूस एकदा वास घेतो आणि म्हणतो, "चांगला आहे, पण..." त्या 'पण'मध्ये वाटणीत सुटलेला मेळ आहे. मग रत्नाला पुन्हा हापूसशी जोडून 'सिंधू' आली, १९९२ साली. सरासरीने पाऊण हापूस, आणि तिची कोय इतकी चपटी-पातळ की जवळजवळ नाहीच. साक्याशी या कोयीचा संबंध आहे म्हणतात तो असा, की फळ पिकण्याच्या सुमारालाच आतलं बी रुजायची तयारी सुरू करतं आणि त्याची झळ भोवतालच्या गराला बसते. तापलेल्या जमिनीची धग वर लागली की हे वाढतं. म्हणून बुंध्याखाली पालापाचोळ्याचं आच्छादन करायचं आणि फळ झाडावर पूर्ण पिकू न देता चौदा आणे तयार असताना उतरवायचं. कोयीतल्या त्या मुलाची घाई आईला सोसत नाही, असं म्हणायचा मोह होतो.

दिल्लीच्या पुसा संस्थेतली जोडी तर अधिकच बोलकी आहे. नीलम आई, दशेरी बाप: मल्लिका. दशेरी आई, नीलम बाप: आम्रपाली. तेच दोन पालक. मल्लिकाचं फळ मोठं, लांबट, झाडही बऱ्यापैकी वाढणारं. आम्रपालीचं फळ लहान, गर गडद केशरी, आणि झाड इतकं बुटकं की अडीच बाय अडीच मीटरवर लावून हेक्टरी १,६०० झाडं बसतात. हापूसची दहा बाय दहावर १०० बसतात. हे पाहून हमखास कुणीतरी म्हणतं, बघा, आई कोण यावर सगळं असतं. तसं नाही. गुणसूत्रांच्या बाबतीत आई आणि बाप समसमान देतात. आईकडून जास्तीचं येतं ते पेशीतल्या हरितलवकांसारख्या घटकांमधलं थोडंसं. मल्लिका आणि आम्रपाली वेगळ्या आहेत कारण त्या दोन वेगळ्या कोयी आहेत. तिथल्या शास्त्रज्ञांनी एकेका फुलाचे पुंकेसर चिमट्याने खुडून, ठरलेला पराग लावून, पिशव्या बांधून, गळतीतून वाचलेली थोडी फळं जपून, त्यांच्या कोयी लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून ही दोन झाडं ठेवली. त्यांच्या नाव न मिळालेल्या भावंडांविषयी कुणी लिहीत नाही.

हापूस हवा असेल तर मग एकच मार्ग उरतो: वाटणी होऊच द्यायची नाही.

कोयकलमाची गंमत ही, की त्यात मूल आणि आई दोघांनाही कामाला लावलेलं असतं. जूनमध्ये रायवळाच्या ताज्या कोयी गादीवाफ्यावर मांडतात. ताज्याच हव्यात, महिनाभर पडून राहिली की कोय मरते. दहा-पंधरा दिवसांत तांब्याच्या रंगाची, लवलवती रोपं वर येतात. पानं हिरवी व्हायच्या आत, देठ कोवळा आहे तोवरच काम उरकायचं. पुढे खोडात काठी धरली की जोड नीट बसत नाही. रोप कोयीसकट उपटायचं, कारण पहिले काही आठवडे ती कोयच सगळ्याला पोसणार असते. कोय हिसक्याने निखळली तर ते रोप बाजूला टाकायचं. कोयीपासून चार बोटं वर शेंडा छाटायचा, मधोमध दीड इंचाची खाच घ्यायची. हापूसच्या चांगल्या मातृवृक्षावरची तीन-चार महिन्यांची काडी आठ-दहा दिवस आधी पानं खुडून तयार ठेवलेली असते, म्हणजे तिचा डोळा फुगतो. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, खाचेत बसवायची, निदान एका अंगाला तरी साल सालीला भिडलीच पाहिजे, आणि दोन सेंटिमीटर रुंदीच्या प्लास्टिक पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळायचं. पट्टी सैल राहिली तर पाणी शिरून जोड कुजतो. महिनोन्‌महिने सोडलीच नाही तर खोडाला गळफास बसतो. सरावलेली बाई दिवसाला शेकड्यांनी कलमं बांधते आणि बांधताना बोलत असते सासूविषयी.

यातून वर वाढतो तो हापूसच. त्या काडीने कधी कुणाशी लग्नच केलेलं नाही. ती जुन्याच झाडाची फांदी आहे, फक्त पाय परके. या अर्थाने कोकणातला प्रत्येक हापूस म्हणजे एकच झाड, फार जुनं, लाखो खुंटांवर उभं असलेलं. खालचा रायवळ आपल्या मुळांचा जोर देतो, झाडाची उंची थोडी कमी-जास्त करतो, पण फळाची जनुकं बदलत नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ती म्हण इथे अगदी शास्त्रशुद्ध बसते. मातीचंही तसंच. नोव्हेंबरात वाशीच्या बाजारात मलावीहून हापूस येतो, इथल्याच काड्यांपासून तिथे वाढवलेल्या झाडांचा. वाण तोच. गुण कातळाचे, खाऱ्या वाऱ्याचे, त्यावरून पेटीच्या दरात आणि गप्पांमध्ये बरीच हमरीतुमरी होते. कलमाची सगळ्यात नेहमीची फसगत मात्र वेगळीच: वरची काडी उन्हाळ्यात मरते, जोडाच्या खालून खुंटाला धुमारा फुटतो, मालक खुशीत पाणी घालत राहतो आणि सहा-सात वर्षांनी 'कलम फिरलं' म्हणून रोपवाटिकेशी भांडायला येतो. कलम फिरत नाही. जोडाखालचा धुमारा दिसता क्षणी खुडायचा असतो, तेवढं राहून जातं.

सगळीच आंब्याची झाडं अशी हट्टी नसतात, हेही सांगायला हवं. केरळातल्या ओलूर, चंद्रकारन यांसारख्या जातींच्या एका कोयीतून तीन-चार रोपं उगवतात. त्यातलं एक पराग लागून झालेलं, बरेचदा अशक्त. बाकीची बीजांडाच्या आईकडच्या पेशींतून थेट फुटलेली, म्हणजे आईच्या हुबेहूब प्रती. त्या प्रांतातल्या एखाद्या बाईंनी कोय लावली असती तर नऊ वर्षांनी त्यांना ओळखीची चव मिळाली असती. हापूसच्या कोयीत एकच अंकुर.

आणि तरी रायवळाविषयी वाईट बोलवत नाही. शेपू, खोबऱ्या, साखऱ्या, बिटकी: गावोगावच्या एकेका झाडाला माणसासारखं स्वतंत्र नाव, कारण ते झाड खरोखरच एकुलतं एक. पाडलं की ती चव जगातून गेली. रस्ता रुंद करताना अशी किती गेली याची नोंद कुणी ठेवली नाही. हापूस तयार झाला तोही अशाच एखाद्या बिननावाच्या झाडातून.

त्या दिवशी मालकाला बहुधा आपल्या विनोदाची थोडी चुटपुट लागली असावी. त्याने कापलेली फोड बाईंपुढे केली आणि स्वतःही एक तोंडात टाकली. धागे होते, पण गर घट्ट, आणि गोडीमागून येणारी एक उभट आंबट झणक होती, हापूसमध्ये कधीच नसते तशी. "लोणच्याला कैरी कशी आहे?" त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, यंदा तेवढी धरलीच नाही. हवं तर फांद्या छाटून नव्या धुमाऱ्यांवर हापूसच्या काड्या बांधून देऊ, तीन-चार वर्षांत फळ येईल, असं त्याने सांगितलं. बाईंनी झाड कापण्याचा विषय ऐकून न ऐकल्यासारखा केला. दोन वर्षांचं एक हापूस कलम मात्र विकत घेतलं, जोडाची जागा बोटाने चाचपून पाहिली, खालून फुटलेलं काही राहू द्यायचं नाही हे दोनदा विचारून घेतलं. बाकीचे दोन आंबे त्यांनी पुन्हा कागदात गुंडाळले.

टेबलावर चोखून उरलेली कोय तेवढी राहिली. त्या गेल्यावर मालकाने ती उचलली, पागोळीच्या पाण्यात धुतली आणि मागे जाऊन खुंटांच्या गादीवाफ्यात, इतर कोयींच्या रांगेत खोचून दिली.